धुऱ्यावरची विहीर



गुरुजींच्या नावाने पुसदला चालणाऱ्या या व्याख्यानमालेसाठी विषय कोणता, असे मला फोनवर विचारले गेले. मी सांगितले, जॉइंट व्हेंचर. दोन कंपन्या मिळून तिसरी कंपनी काढतात, तो व्यवहार. पलीकडे जरा वेळ कोणी बोलले नाही. मग विचारणा झाली, 'हा विषय पुण्या-मुंबईचा नाही का?' मी नागपूरला चाळीस वर्षे सीए म्हणून काम केले, अनेक भागीदाऱ्या जुळताना पाहिल्या आणि त्याहून जास्त मोडताना पाहिल्या. पण या विषयाचा पहिला धडा मला गुरुजींनीच दिला, आणि तो इथून फार दूर नसलेल्या एका वावरात दिला. म्हणून आज तो इथेच उजळायचा आहे.

आमचे गाव पूस नदीच्या काठचे. आजोबांच्या आणि शेजारच्या कास्तकाराच्या वावरांमध्ये एक धुरा होता. पाण्याची झीर नेमकी त्या धुऱ्याखाली, थोडी शेजाऱ्याच्या बाजूला कललेली. त्यांच्याकडे झीर होती, पण विहीर खोदायला पैसा नव्हता. आजोबांकडे दोन बैलजोड्या होत्या, जिनिंगमधल्या कामाचे चार पैसे गाठीला होते, पण वावरात पाण्याचा थेंब नव्हता. दोघांनी ठरवले, विहीर सामाईक खोदायची. आठ-आठ आणे हिस्सा. कागद करायला गुरुजींना बोलावले.

तो फुलस्केप कागद आमच्या घरी अजून आहे. गुरुजींचे अक्षर टपोरे. चार दिवस यांची पाळी, चार दिवस त्यांची. गाळ काढण्याचा खर्च निम्मा-निम्मा. तिसऱ्या कोणाला पाणी द्यायचे तर दोघांची संमती. इथवर सगळे राजी होते. मग गुरुजींनी शेवटचे कलम लिहायला घेतले: कोणाला आपला हिस्सा विकणे झाल्यास त्याने आधी दुसऱ्यास विचारावे, आणि भाव तीन पंचांनी ठरवावा, एक पंच याचा, एक त्याचा, तिसरा दोघांच्या पसंतीचा. आजोबा चिडले. 'अजून पानी लागलं नाही अन् तुमी इकाची गोष्ट लिहून रायले, गुरुजी?' गुरुजींनी मान वर न करता उत्तर दिले, 'पाणी लागल्यावर तुम्ही मला लिहू देणार नाही.'

ही गोष्ट मी वडिलांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकली आहे की तो प्रसंग मी स्वतः पाहिल्यासारखा वाटतो. पुढचे मात्र मी खरोखर पाहिले. मोट गेली, विजेची मोटर आली. पोफाळीला साखर कारखाना झाला आणि शेजाऱ्यांच्या मुलांनी ऊस लावला. आमच्या वडिलांनी कपाशी सोडली नाही. उसाला पाणी किती लागते आणि कपाशीला किती, हे मी तुम्हाला सांगायला नको. चार-चार दिवसांची पाळी त्यांना पुरेना. रात्रीची लाइट आली की कोणाची मोटर आधी सुरू होते यावरून बोलाचाली व्हायची. आमच्या घरून त्यांच्या घरी दिवाळीचा फराळ जाणे बंद झाले. दोघांपैकी कोणी लबाड नव्हते. दोघांची गरज वेगळी झाली होती, एवढेच. हे 'एवढेच' समजायला मला पुढे अनेक कंपन्यांचे ताळेबंद वाचावे लागले.

आता मूळ विषयाकडे येतो. आपल्याकडच्या कास्तकाराला जॉइंट व्हेंचर समजावून सांगायला परके शब्द लागत नाहीत. वावर मक्त्याने दिले, म्हणजे ठरलेली रक्कम घेतली आणि बाजूला झालो. कंपन्यांमध्ये याला परवाना देणे म्हणतात. इटलीच्या पियाजिओने १९६० पासून ११ वर्षे बजाज ऑटोला व्हेस्पा स्कूटर बनवायचा परवाना दिला, तो असा मक्ता. मुदत संपली, व्हेस्पा हे नाव गेले, बजाजने आपल्या नावाने स्कूटर काढली. खरेदीखत केले, म्हणजे वावरच आपले झाले. कंपन्यांमध्ये ते अधिग्रहण. बटई, म्हणजे जमीन एकाची, मेहनत दुसऱ्याची, पीक वाटून. आणि धुऱ्यावरची सामाईक विहीर हे जॉइंट व्हेंचर: दोघांची वावरे वेगळीच राहतात, दोघांचे संसार वेगळेच राहतात, पण दोघांच्या मधोमध एक तिसरी वस्तू तयार होते. तिचा खर्च, तिचे पाणी आणि तिचे भांडण दोघांचे.

मग एवढा त्रास कंपन्या का ओढवून घेतात? ज्याला पैसा आहे त्याने यंत्र विकत घ्यावे, माणसे पगारावर ठेवावीत आणि मोकळे व्हावे. माझे उत्तर असे की काही वस्तू बाजारात विकतच मिळत नाहीत. झीर विकत मिळत नाही. पंचवीस वर्षांत जमलेली गिऱ्हाइके विकत मिळत नाहीत. हातात मुरलेली कारागिरी विकत मिळत नाही. अशी वस्तू ज्याच्याकडे आहे त्याच्या शेजारी बसावे लागते.

याचे सगळ्यात जवळचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. दिग्रस-दारव्ह्यावरून यवतमाळला गेले की लोहाऱ्याची एमआयडीसी लागते. तिथे रेमंडने १९९६ मध्ये डेनिमची, म्हणजे जीन्सच्या कापडाची गिरणी सुरू केली. ठाण्याला १९२५ पासून लोकरी कापड विणणारी ही कंपनी यवतमाळला आली यात नवल नाही. कापूस इथला, जागा इथली, हात इथले. पण जीन्सचे कापड विकायचे कोणाला? मोठी गिऱ्हाइके युरोप-अमेरिकेतली. दरवर्षी त्यांना वेगळी छटा, वेगळी झळाळी, वेगळा पोत हवा असतो आणि तो ओळखणारी माणसे त्यांच्या शेजारी बसलेली लागतात.

तिकडे बेल्जियममध्ये गेंट नावाचे शहर आहे. कापडाचे शहर. अठराव्या शतकाच्या अखेरीस लिव्हेन बॉवेन्स नावाच्या गेंटच्या माणसाने इंग्लंडमधून सूतकताईच्या यंत्राचे भाग व्यापारी मालात लपवून आणले, कारण इंग्लंड ती विद्या देशाबाहेर जाऊ देत नव्हते. इंग्लंडमध्ये त्याला मृत्युदंड सुनावला गेला, गेंटमध्ये मात्र त्याचा पुतळा आहे. विद्या चोरून आणावी लागते, शिकून घ्यावी लागते किंवा भागीदाराबरोबर येते. त्या गेंटमध्ये यूको ही डेनिमची जुनी कंपनी होती. तिच्याकडे गिऱ्हाइके होती, रंगाची आणि फिनिशिंगची जाण होती, बेल्जियम, रुमानिया आणि अमेरिकेत उत्पादन होते. पण १ जानेवारी २००५ ला जगातल्या कापडव्यापारावरचा कोटा संपला. तोवर युरोप-अमेरिकेत कोणत्या देशातून किती कापड यायचे यावर मर्यादा होती, त्या आडोशाला तिथल्या महाग मजुरीच्या गिरण्या उभ्या होत्या. आडोसा गेला. २००६ मध्ये रेमंड आणि यूको यांनी निम्म्या-निम्म्या हिश्श्याने रेमंड यूको डेनिम ही कंपनी केली. यवतमाळची गिरणी तिच्यात गेली, यूकोच्या गिरण्या तिच्यात गेल्या. झीर एकाची, बैलजोड्या दुसऱ्याच्या.

पुढे काय झाले ते लक्ष देऊन ऐका. २००८-०९ ची जागतिक मंदी आली, जीन्सचा खप पडला. बेल्जियममधले आणि अमेरिकेतले उत्पादन बंद झाले. यवतमाळ आणि रुमानिया चालू राहिले. गेंटच्या कामगारांच्या घरात त्या वर्षी काय वातावरण असेल, हे आपल्या भागातल्या बंद पडलेल्या सूतगिरण्या पाहिलेल्या माणसाला समजेल. त्यांच्या हातातली विद्या खोटी नव्हती. पण ती विद्या एकदा दुसऱ्याच्या हातात उतरली की तिची किंमत पहिल्यासारखी राहत नाही. कापूस मात्र दरवर्षी नव्याने लागतोच.

डेनिमची रंगाई मी एका गिरणीत पाहिली आहे. शेकडो धाग्यांचा दोर निळीच्या हौदात बुडतो आणि बाहेर येतो तेव्हा तो निळा नसतोच, पिवळट-हिरवा असतो. वर हवेतून फिरताना डोळ्यांदेखत निळा होत जातो. पुन्हा बुडतो, पुन्हा हवा खातो, असे कितीतरी वेळा. रंग धाग्याच्या अंगावर बसतो, गाभा पांढराच राहतो. म्हणून जीन्स गुडघ्याला पांढुरकी होते आणि म्हणूनच ती लोकांना आवडते. तिथल्या कामगाराने मला सांगितले की किती वेळ बुडवायचे यापेक्षा किती वेळ हवा द्यायची हे शिकायला त्याला जास्त वर्षे लागली. गेंटहून यवतमाळला यायचे ते असलेच काही. कागदावर लिहून पाठवता येत नाही.

आता पुण्याचे उदाहरण. शंतनुराव किर्लोस्करांनी १९६२ मध्ये अमेरिकेतल्या कमिन्सबरोबर किर्लोस्कर कमिन्स काढली. कमिन्सचा हिस्सा ५० टक्के, किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा साडेपंचवीस, उरलेले भाग जनतेत विकले. कमिन्सकडे मोठ्या ताकदीच्या डिझेल इंजिनांची विद्या होती. किर्लोस्करांकडे १९४६ पासून इंजिने बनवण्याचा अनुभव होता, विक्रेत्यांचे जाळे होते, आणि परवाना-परकीय चलनाच्या त्या काळात दिल्लीत कोणत्या टेबलावर कोणता कागद द्यायचा याची जाण होती. परदेशी कंपनीला हिंदुस्थानात एकट्याने येणे तेव्हा सोपे नव्हते. म्हणजे किर्लोस्करांच्या वाट्याचा एक भाग सरकारच्या धोरणाने मौल्यवान केला होता.

१९९१ च्या औद्योगिक धोरणाने अनेक उद्योगांत ५१ टक्क्यांपर्यंत परदेशी भांडवलाला दार उघडले. १९९७ मध्ये किर्लोस्कर त्या कंपनीतून बाहेर पडले आणि ती कमिन्स इंडिया झाली. त्या दशकात आणि पुढेही देशभर हेच घडत गेले. ज्या देशी भागीदाराने परवाना आणि ओळखी आणल्या होत्या त्याची गरज कायदा बदलला त्या दिवशी संपली. सरकारने १९९८ मध्ये नियमही केला की जुना भागीदार असलेल्या परदेशी कंपनीला त्याच धंद्यात स्वतंत्र दुकान मांडायचे तर आधी त्याची ना-हरकत आणावी. २००५ मध्ये तो सैल केला, २०११ मध्ये काढून टाकला. माझे मत असे की असा नियम मागायची वेळ ज्याच्यावर येते, त्याने आपला वाटा काय हे आधीच तपासायला हवे होते.

पण किर्लोस्कर कमिन्सला मी अपयश म्हणत नाही. पस्तीस वर्षांत पुण्याच्या आसपास सुटे भाग बनवणारे कारखाने उभे राहिले, अभियंत्यांच्या पिढ्या घडल्या. कर्वेनगरला महर्षी कर्वे संस्थेचे मुलींचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९९१ पासून कमिन्सच्या नावाने चालते. भागीदारी संपली, मुली शिकतच आहेत. विहीर कोणाच्या का नावावर होईना, ओलावा आजूबाजूच्या वावरांत मुरतो.

तिसरे उदाहरण सोडण्याच्या कलमाचे आहे आणि त्यात आपल्या पुसदचाही धागा आहे. इथले वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना महाराष्ट्रात प्रादेशिक विकास महामंडळे निघाली. त्यातल्या पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळाने १९७५ मध्ये बजाज ऑटोबरोबर साताऱ्याला महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी काढली. महामंडळाचे २७ टक्के, बजाजचे २४, बाकी जनतेचे. तेव्हा स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लागायचा आणि कारखाना वाढवायला सरकारी परवाना लागायचा. सरकारी महामंडळ सोबत असले की ती वाट सोपी व्हायची. तिथून निघालेली प्रिया स्कूटर तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असेल.

करारात लिहिले होते की एकाने भाग विकायचे तर आधी दुसऱ्याला द्यायचे. २००३ मध्ये महामंडळाने विकायचे ठरवले. पण भाव? भावावर एकमत होईना. लवाद नेमला, त्याने २००६ मध्ये दर ठरवला. मग प्रश्न निघाला की कंपनीचे भाग असे आधी दुसऱ्याला देण्याचे बंधन मुळात कायद्यात बसते का. मुंबई उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी २०१० मध्ये बसत नाही म्हटले, खंडपीठाने २०१५ मध्ये बसते म्हटले. शेवटी भाग बजाज समूहाकडे गेले ते २०१९ मध्ये. सोळा वर्षे. दोन्हीकडे नामवंत वकील होते, आणि तरीही जे काम गुरुजींच्या फुलस्केप कागदावर तीन पंचांच्या एका साध्या वाक्याने होते, त्याला तिथे एवढा काळ लागला. 

दाभोळच्या वीज प्रकल्पाबद्दल थोडेच बोलतो. जून १९९२ मध्ये वीज मंडळाने एन्रॉनबरोबर पहिला सामंजस्य करार केला तेव्हा मुख्यमंत्री आपले सुधाकरराव नाईक होते. वीजखरेदीचा करार ते पायउतार झाल्यावर, डिसेंबर १९९३ मध्ये झाला. एन्रॉन, जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल अशी तिघांची ती कंपनी. पुढे फेरवाटाघाटींनंतर वीज मंडळही हिस्सेदार झाले. म्हणजे जो वीज विकत घेणार, तोच विकणाऱ्याचा भागीदारही. दर चढले तशी मंडळाला वीज परवडेना, मे २००१ मध्ये खरेदी थांबली आणि प्रकल्प बंद पडला. त्याच डिसेंबरमध्ये एन्रॉन दिवाळखोरीत गेली. राजकारण बाजूला ठेवले तरी हिशेब तपासणाऱ्याला एक गोष्ट दिसते: नफा झाला तर कोणाला किती, हे पानोपानी लिहिलेले होते; गिऱ्हाइकाची ऐपत संपली तर तोटा कोणी सोसायचा, ते एकाच बाजूला लोटलेले होते.

हे सगळे आज पुसदला कशासाठी? कारण या सभागृहात शेतकरी उत्पादक कंपन्यांचे तरुण संचालक बसलेले मला दिसत आहेत. पुसद, महागाव, उमरखेड या पट्ट्यात हळदीच्या, सोयाबीनच्या, कापसाच्या कंपन्या उभ्या राहत आहेत. राज्याच्या स्मार्ट प्रकल्पाने मोठ्या खरेदीदारांशी त्यांची गाठ घालून द्यायला सुरुवात केली आहे. उद्या एखादी मोठी कंपनी तुमच्यापुढे मसुदा ठेवेल. चाळीस पानांचा असेल, इंग्रजीत असेल, आणि सही आजच हवी असेल. माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे, सही उद्या करा. रात्री घरी बसून दोन गोष्टी कागदावर उतरवा. एक, हिस्सा सोडायची वेळ आली तर भाव कोण ठरवणार. दुसरी, तुम्ही काय घेऊन चालला आहात आणि पाच वर्षांनी त्याची किंमत किती राहील.

'आमच्याकडे पाचशे सभासद आहेत' हे उत्तर पुरेसे नाही. सभासदांची यादी पहिल्या हंगामात समोरच्याकडे जाते. पुढच्या हंगामात तो थेट घरी येतो. गोदामाची जागा, सरकारी अनुदान, सात-बाराचे गठ्ठे, हे सगळे त्या जुन्या परवान्यांसारखे आहे. मग टिकणारे काय?

कापसाचेच सांगतो. गिरणीवाल्यांची सगळ्यात मोठी तक्रार ओलाव्याची नसते, पानकचऱ्याचीही नसते. ती असते खताच्या पोत्याच्या धाग्याची. वेचणीला आपण प्लास्टिकची पोती नेतो, ती उसवतात, त्यातला बोटभर तंतू रुईत जातो. जिनिंगमध्ये तो सापडत नाही, कताईत सापडत नाही. निळीच्या हौदातून सगळे सूत निळे होऊन येते आणि तो एक तंतू तसाच पांढरा राहतो, कारण प्लास्टिकला नीळ चढत नाही. शंभर मीटर चांगल्या कापडाच्या मधोमध तो डाग बसतो आणि माल परत येतो. ज्या गावाची रुई त्या तंतूविना येते असे एकदा गिरणीला कळले, त्या गावाला कोणी सहजासहजी सोडत नाही. ही सवय पाचशे घरांत मुरवायला वर्षे लागतात, आणि ती उचलून दुसरीकडे नेता येत नाही. ती तुमची झीर आहे. माझी आई वेचणीला जाताना जुन्या सुती लुगड्याची ओटी बांधायची, भरली की लुगड्याच्याच गाठोड्यात रिकामी करायची. तिला निर्यात माहीत नव्हती. घरात प्लास्टिक नव्हते, म्हणून ती तसे करायची. आज ते ठरवून करावे लागेल.

विहिरीचे काय झाले ते सांगायचे राहिले. काही वर्षे अबोला चालला. मग शेजाऱ्यांच्या मोठ्या मुलाने कालव्याच्या बाजूला जमीन घेतली आणि इथला हिस्सा विकायचे ठरवले. बाहेरचे गिऱ्हाईक जास्त पैसे द्यायला तयार होते. पण तो वडिलांकडे आला, म्हणाला, 'काका, कागद काढा.' एक पंच त्यांचा, एक आमचा, तिसरे गुरुजी स्वतः. तेव्हा ते बरेच थकले होते. लिंबाखाली एका दुपारी भाव ठरला, चहा झाला, आणि त्या दिवाळीला फराळाचे ताट पुन्हा धुरा ओलांडून गेले. कोर्टात कोणीही गेले नाही.

त्या कागदाच्या पन्नास झेरॉक्स प्रती मी सोबत आणल्या आहेत. दाराजवळच्या टेबलावर ठेवतो. उत्पादक कंपन्यांच्या संचालकांनी एकेक जरूर न्यावी, आणि शेवटचे कलम वकिलाला दाखवून आपल्या करारात जसेच्या तसे घालायला सांगावे.